दोन पणत्या आणि पांढरी दांडी: हात हलवला, ते यंत्राला कळतं कसं?

१० मे २००६. लॉस एंजेलिसमध्ये ई-थ्री हे व्हिडिओ गेमचं मोठं प्रदर्शन उघडलं आणि आत शिरलेले लोक चक्क पळत सुटले. वाटेत सोनीचा प्लेस्टेशन-३ मांडलेला होता. चित्रं त्याची कितीतरी सरस, पण गर्दी त्याला ओलांडून निन्टेन्डो या गेम कंपनीच्या दालनाकडे. तिथे काही तासांची रांग लागली. लालबागच्या नवसाच्या रांगेत उभं राहिलेल्यांना तासांचं नवल वाटणार नाही. पण इथे दर्शन कसलं, तर टीव्हीच्या रिमोटएवढ्या एका पांढऱ्या दांडीचं. ती हातात धरायची, टेनिसची रॅकेट फिरवावी तशी हवेत फिरवायची, की पडद्यावरचा बाहुला फटका मारणार.

यंत्राचं नाव 'वी'. ते नावही जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी, २७ एप्रिलला जाहीर झालं होतं. अमेरिकेतल्या दुकानात ते पोचलं १९ नोव्हेंबरला, २४९.९९ डॉलरला. म्हणजे मे महिन्यात रांगेत उभे असलेले लोक सहा महिने आधी त्याची चव घेत होते.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझा भाचा. २०२५च्या वसंतात निन्टेन्डोच्याच स्विच-२ या गेमयंत्राची विक्रीआधीची चाखणी न्यूयॉर्क, पॅरिस, लंडन अशा शहरांत ठेवली होती. तिचे व्हिडिओ बघून त्याने विचारलं, "मामा, यांच्या हातातल्या त्या तुकड्याला वायर नाही, समोर कॅमेरा दिसत नाही. मग हात कुठे गेला ते त्याला समजतं कसं?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर थोडं विचित्र आहे: हात कुठे गेला, ते त्याला समजत नाही.

एसटीत उभा असलेला माणूस

डोळे मिटून एसटीत उभे आहात अशी कल्पना करा. बाहेरचं काही दिसत नाही. तरी ड्रायव्हरने ब्रेक मारला की तुम्ही पुढे जाता, गाडी सुटली की मागे, वळण आलं की बाजूला. अंगाला बसणाऱ्या हिसक्यांवरून गाडीचं काय चाललंय ते तुम्ही सांगू शकता. मात्र एक्स्प्रेस-वेवर गाडी एकसारख्या वेगाने निघाली, की वेग ऐंशीचा आहे की शंभरचा, ते अंगाला कळत नाही. अंगाला कळतो तो वेगातला बदल.

त्या पांढऱ्या दांडीत असाच एक माणूस उभा आहे. त्याला अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणतात. आपण त्याला हिसकामापक म्हणू. सिलिकॉनच्या चिपमध्ये सिलिकॉनचंच एक अतिसूक्ष्म वजन, सिलिकॉनच्याच नाजूक स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. दांडी हिसडली की वजन किंचित मागे राहतं, त्याच्या आणि शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर बदलतं, आणि त्या बदलाचा विजेचा संकेत होतो. वर-खाली, डावं-उजवं, पुढे-मागे अशा तिन्ही दिशांचा हिशोब ही चिप ठेवते. हा शोध काही खेळण्यांसाठी लागला नव्हता. मोटार धडकली की एअरबॅग फुगवायची कधी, हे ठरवायला अशा चिपा १९९०च्या दशकात गाड्यांत आल्या. पुढे त्या स्वस्त झाल्या आणि खेळात शिरल्या.

आता तीच जात तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं ना, ते हिच्यामुळे. दांडी स्थिर असली तरी गुरुत्वाकर्षण त्या वजनाला खाली ओढतच असतं, त्यामुळे खाली कुठे आहे हे तिला नेहमी माहीत असतं. खाली कळलं की तिरपेपणा कळतो.

आणि इथेच पहिली गोची. फोन जात्याच्या मधोमध सपाट ठेवा आणि जातं सावकाश फिरवा. 'खाली' बदललंच नाही, त्यामुळे हिसकामापकाच्या दृष्टीने काहीच घडलं नाही. आपण मनगट डावी-उजवीकडे वळवतो ते नेमकं असंच वळण असतं.

दुसरी गोची जोरकस फटक्याची. त्या पहिल्या दांडीतल्या चिपची मापायची ताकद गुरुत्वाकर्षणाच्या साधारण तिप्पट एवढीच होती. दणकून हात मारला की वाण्याच्या काट्यावर मणाचं पोतं टाकावं तशी गत: काटा टोकाला जाऊन टेकतो, आणि वजन तिप्पट होतं की पाचपट, कुणाला ठाऊक.

आंधळी कोशिंबीर

"पण हिसके मोजले की वेग काढता येतो, वेगावरून अंतर काढता येतं. अकरावीच्या फिजिक्समध्ये हेच तर शिकवतात." भाचा अकरावीतच आहे, त्यामुळे हा आक्षेप येणारच होता.

कागदावर बरोबर. प्रत्यक्षात आंधळी कोशिंबीर. डोळ्याला पट्टी बांधून तुम्ही अंगणात पावलं मोजत चालता. प्रत्येक पावलात बोटभर चूक. दहा पावलांनंतर तुम्ही तुळशी वृंदावनाजवळ असल्याचं सांगता आणि खरं तर गोठ्याच्या दारात असता. इथे तर चूक दोनदा साठते, एकदा वेग काढताना आणि पुन्हा अंतर काढताना.

आकडे घालूनच बघू. समजा मापात गुरुत्वाकर्षणाच्या फक्त एक टक्का चूक आहे, म्हणजे ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. दहा सेकंदांनी अंतरातली चूक होते अर्धा गुणिले ०.१ गुणिले १००, म्हणजे ५ मीटर. दांडी टेबलावर गप्प पडलेली आहे आणि यंत्राच्या मते ती शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात पोचली. या घसरणीला इंग्रजीत ड्रिफ्ट म्हणतात.

म्हणून २००६चं ते टेनिस तुमचा हात कुठे आहे याच्या वाटेलाच जात नाही. ते बघतं की हिसका आला का, कधी आला आणि साधारण कुठल्या अंगाने. कोर्टावर पळायचं कामही बाहुला आपणहून करतो. चेंडू डावीकडे जाईल की उजवीकडे हे मुख्यतः तुम्ही लवकर फटकावलं की उशिरा, यावर ठरतं. बाकीचं तुमचं मन भरून काढतं. नाटकात नेपथ्याचा रंगवलेला दरवाजा आपण खरा मानतो, तसं.

टीव्हीखालच्या दोन पणत्या

पण याच दांडीने पडद्यावर नेम धरता यायचा, बोट दाखवावं तसा. तो कसा?

टीव्हीच्या वर किंवा खाली एक बारीक पट्टी ठेवायची असते. नाव तिचं 'सेन्सर बार', आणि तिच्यात सेन्सर औषधालाही नाही. दोन टोकांना मिळून काही इन्फ्रारेड एलईडी, म्हणजे माणसाच्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकणारे छोटे दिवे. बस्स. कॅमेरा आहे तो दांडीच्या टोकाला, काळ्या काचेमागे. म्हणजे टीव्ही दांडीकडे बघत नाही, दांडी टीव्हीकडे बघते.

रात्री घाटात समोरून येणाऱ्या गाडीचे फक्त दोन दिवे दिसतात. ते एकमेकांना चिकटलेले दिसले की गाडी लांब; फाकत गेले की जवळ आली. दोन्ही डावीकडे सरकले की गाडी डावीकडे, आणि एक वर एक खाली दिसला तर... तर तुमची मान तिरपी आहे, अशी आशा करायची. दिवे कुठे दिसले ते दांडी ब्लूटूथने मुख्य यंत्राला कळवते, सेकंदाला साधारण शंभर वेळा, आणि यंत्र हेच गणित करतं.

हे मला कळलं ते दिवाळीत. माझ्या मावसभावाने २००८ साली न्यू जर्सीहून 'वी' आणला होता. (आणल्या आणल्या मी त्याचा अमेरिकन, १२० व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात खुपसला. फट् असा आवाज, जळका वास, आणि दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोडची वारी. दोष सर्वस्वी माझा. आकडा अ‍ॅडॉप्टरवर छापलेला होता.) लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आईने टीव्हीच्या शोकेसवर पणत्या मांडल्या आणि पडद्यावरचा बाण पिसाळल्यासारखा उड्या मारू लागला. बॅटरी बदलून झाली, दांडी आपटून झाली. मग लक्षात आलं: ज्योतीतूनही इन्फ्रारेड निघतं. दांडीला टीव्हीखाली दोनाऐवजी सहा दिवे दिसत होते. आम्ही सेन्सर बार काढून ठेवला, पट्टीच्या टोकांच्या जागी दोनच पणत्या ठेवल्या, आणि खेळ बिनबोभाट चालू! वारा आला की बाण थरथरायचा, एवढाच फरक. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं तरी असाच घोटाळा व्हायचा, कारण सूर्य हा तर इन्फ्रारेडचा बापच.

घरी 'वी' नसला तरी यातला एक भाग आत्ता तपासता येईल. टीव्हीचा साधा रिमोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. रिमोटच्या टोकाचा दिवा पडद्यावर लुकलुकताना दिसतो, नुसत्या डोळ्याला दिसत नाही. काही फोनांचा मागचा कॅमेरा हा प्रकाश गाळून टाकतो, तेव्हा सेल्फीचा वापरा.

तिसरा साक्षीदार

जात्याची अडचण अजून शिल्लक आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे जायरोस्कोप, म्हणजे वळण मोजणारी चिप. बागेतल्या फिरत्या चक्रावर उभं राहून मध्याकडे चालायचा प्रयत्न केला असेल, तर कुणीतरी बाजूला ढकलतंय असं वाटलं असेल. चिपमध्ये एक सूक्ष्म वजन सतत थरथरत ठेवलेलं असतं. चिप वळली की त्याला तोच आडवा ढकल बसतो आणि तो मोजला जातो.

२००६च्या दांडीत ही चिप नव्हती. ती जून २००९मध्ये दांडीच्या बुडाला लावायच्या वेगळ्या तुकड्याच्या रूपात आली, नाव 'मोशन-प्लस'. आज स्विचच्या दोन्ही पिढ्यांच्या हातातल्या तुकड्यांत आणि बहुतेक चांगल्या फोनांत ती असतेच.

जायरोही घसरतो, फक्त सावकाश. म्हणून सध्याची यंत्रं कोर्टातल्यासारखं करतात. हिसकामापक 'खाली' कुठे ते छातीठोक सांगतो पण हालचालीत गोंधळतो. जायरो वळण नेमकं सांगतो पण थोड्या वेळाने विसरतो. 'वी'सारखा कॅमेरा असलाच, तर दिवे दिसतात तोवर तो पक्का, नजर हटली की मुका. हजर असतील तेवढ्यांच्या जबान्या ताडून न्यायाधीश सेकंदाला शेकडो वेळा निकाल देतो. भाच्याच्या प्रश्नाचं सध्याचं उत्तर हेच: पाहणं थोडं, अंदाज पुष्कळ, आणि अंदाज सतत दुरुस्त करत राहणं.

मग हातात काही धरायचंच कशाला?

हा विचार मायक्रोसॉफ्टने केला. १ जून २००९ला, पुन्हा ई-थ्रीच्याच वेळी, 'प्रोजेक्ट नताल' जाहीर झालं. ब्राझीलमधल्या एका शहरावरून हे नाव. ४ नोव्हेंबर २०१०ला ते 'किनेक्ट' म्हणून अमेरिकेत विकायला आलं आणि पहिल्या ६० दिवसांत ८० लाख खपलं.

किनेक्ट खोलीभर इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी टाकायचं. उन्हात जाळीदार खिडकीची सावली जमिनीवर सरळ पडते, पण मध्ये कुणी येऊन बसलं की तीच जाळी त्याच्या पाठीवर वाकडी होते. कुठला ठिपका अपेक्षेपेक्षा किती सरकला, त्यावरून तो किती लांबच्या वस्तूवर पडलाय ते काढता येतं. खोलीचा असा उंचसखल नकाशा तयार झाला, की त्यातला कोपर कुठला आणि गुडघा कुठला हे ओळखायचं. त्यासाठी संगणकाला शरीराच्या नाना ढंगांची चित्रं आधी ढिगाने दाखवून शिकवलेलं होतं. तो वीस सांध्यांचा सापळा सेकंदाला तीस वेळा आखायचा.

विद्या अव्वल. खेळ म्हणून मात्र मला ती कधी फारशी पटली नाही, आणि कारण उशीर. हात हलल्यापासून पडद्यावर हलेपर्यंत साधारण सेकंदाचा दहावा भाग जायचा. किरकोळ वाटतं? १४० किलोमीटर वेगाचा चेंडू तेवढ्या वेळात जवळपास ४ मीटर पुढे येतो. नाचाच्या खेळात हे खपून जातं, कारण पुढची पायरी आधीच माहीत असते. बॅटिंगला खपत नाही. शिवाय हातात काहीच नसल्याने बटण नाही. 'हो' म्हणायला हात हवेत ताटकळत धरावा लागायचा.

२०१७मध्ये किनेक्टचं उत्पादन थांबलं. ठिपक्यांची युक्ती मात्र मेली नाही. ती मूळची प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीची. ती कंपनी २०१३मध्ये अ‍ॅपलने घेतली, आणि २०१७च्या आयफोन-टेनपासून चेहरा बघून उघडणारा फोन तुमच्या तोंडावर असेच ठिपके टाकतो.

"मनगट हलवूनही जिंकता येतं. मग ही फसवणूकच की!"

मनगट हलवून जिंकता येतं, हे खरं. आठवड्याभरात प्रत्येक घरात एक तरी महाभाग निघायचा, जो सोफ्यावर लोळत, दोन बोटांत दांडी धरून, घाम गाळणाऱ्या सगळ्यांना हरवायचा. आमच्याकडे तो मान धाकट्या काकांचा.

तरी फसवणूक म्हणवत नाही. कारण या दांडीने बटणांची भीती घालवली. तोवरच्या गेमच्या रिमोटवर डझनभर बटणं आणि दोन दांडके; ज्याने लहानपणी हात बसवला नाही, तो कायमचा बाहेर. इथे माझ्या आईला एक वाक्य पुरलं: "बॉलिंग टाक." निन्टेन्डोला नेमकं तेच गिऱ्हाईक हवं होतं, आणि 'वी' अखेर १० कोटींहून अधिक खपला. व्यायामाचा दावा मात्र बेतानेच घ्यावा. बसून खेळण्यापेक्षा हालचाल जास्त, खऱ्या कोर्टावरच्या टेनिसपेक्षा पुष्कळ कमी.

दहा मिनिटांच्या चाखणीत काय कळत नाही

लग्नाचा हॉल ठरवायला गेलात तर जेवणाचं सॅम्पल देतात. ते गरम असतं, एका ताटापुरतं केलेलं असतं आणि आचारी जातीने समोर उभा असतो. पाचशे पानं उठल्यावर शेवटच्या पंगतीला वरण कसं असेल, ते त्यातून कळत नाही.

विक्रीआधीच्या चाखणीचंही तसंच. दिवे बेताचे, मागे ऊन नाही, समोर मोकळी जागा, "इथे उभे राहा, असा हात धरा" सांगायला कंपनीचा माणूस. खेळ तीन-चार मिनिटांचा, म्हणजे घसरण साठायच्या आत संपणारा. अंदाज ज्या परिस्थितीत उत्तम लागतो, ती परिस्थिती मुद्दाम मांडलेली असते. यात लबाडी नाही, पण तुमची बैठकीची खोलीही नाही.

दुसरं, तिथलं यंत्र पूर्ण झालेलं असेलच असं नाही. सप्टेंबर २००५मध्ये टोकियोत ही दांडी पहिल्यांदा दाखवली आणि मे २००६मध्ये लोकांच्या हातात दिली, त्या आठ महिन्यांत बटणांची नावं बदलली, दांडीत छोटा स्पीकर आला आणि डाव्या हातातल्या जोडतुकड्यातही हिसकामापक बसला. किनेक्टच्या घोषणेत तर मायलो नावाचा एक मुलगा पडद्यावरून माणसाशी गप्पा मारताना दाखवला होता. तो खेळ दुकानात कधीच आला नाही.

तिसरं कारण अगदीच घरगुती आहे, आणि मला सगळ्यांत आवडतं ते हेच. दांडी मनगटाला बांधायला दोरी होती. प्रदर्शनात ती पुरली. घरोघरी तासन् तास खेळ सुरू झाले, उत्साह वाढला, पकड सुटली, काही दोऱ्या तुटल्या आणि दांड्या टीव्हीत घुसल्या. डिसेंबर २००६मध्ये, विक्री सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, निन्टेन्डोने जाड दोरी देऊ केली, ०.६ मिलिमीटरची १ मिलिमीटर झाली. बदलून द्यायच्या दोऱ्यांचा आकडा ३२ लाख होता. पुढच्या वर्षी दांडीला रबरी अंगरखाही आला.

मग चाखणी फुकट का? तसंही नाही. एक गोष्ट तिथेच कळते आणि कितीही माहितीपत्रकं वाचून कळत नाही: हात आणि पडदा यांच्यातला उशीर जाणवतो का. मागून पडद्यावर बघा, खेळणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघू नका. आणि संधी मिळाली तर शहाण्यासारखं खेळू नका. दांडी पाठीमागे न्या, गर्रकन वळा, मिनिटभर गप्प धरून बाण आपोआप सरकतो का बघा, हात अर्धवट हलवा. रांगेतले लोक चिडतील. चिडू द्यावं.

आमच्या वन-बीएचकेत जमेल का?

किनेक्टसाठी उत्तर सोपं होतं: समोर साधारण ६ फूट मोकळी जागा लागायची, दोघांना आणखी जास्त. म्हणजे टीपॉय बाहेर, आजोबांची आरामखुर्ची बाहेर, बहुधा आजोबाही. हातात धरायच्या यंत्रांना एवढी जागा लागत नाही, पण हात फिरवायला लागतेच, आणि वर पंखा असतो हे उंच मुलांनी विसरू नये.

टीव्हीचाही वाटा आहे. चित्र गुळगुळीत, रंगीत करण्याच्या नादात बरेच टीव्ही स्वतःच उशीर घालतात. सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो चालू केला की ही सजावट बंद होते आणि फटका वेळेवर लागतो. महागडा गेम परत करायला निघालेल्या एका शेजाऱ्याचं भांडण या एका बटणावर मिटलंय.

आमचा जुना 'वी' माळ्यावर आहे, नव्या अ‍ॅडॉप्टरसकट. भाच्याला पणत्यांवर विश्वास बसलेला नाही. "मामा, दाखव," म्हणतो. दांडीच्या बॅटऱ्यांचं झाकण तेवढं सापडत नाहीये.